शेषप्राण अकरा

शोभाताई,

परवा कारखान्याच्या गेटसमोर, चहाच्या टपरीमागच्या मोकळ्या जागेत, तुझी शोकसभा झाली. मला बोलायला उभं केलं. सायलीच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही सभेत बोलायची वेळ आली की मलाच पुढे ढकलतात, तुला माहीत आहे. मी उभी राहिले, "साथींनो" म्हणाले आणि गप्प झाले. मग खाली बसले. तुझ्या खात्यातल्या जशुबेनने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांना वाटलं, पोरीला रडू आवरेना.

रडू नव्हतं आलं, ताई. तिसऱ्या रांगेत सविता बसली होती, उजवा हात पदराखाली झाकून. तिच्यासमोर मला जे बोलायला हवं होतं ते बोलायची हिंमत झाली नाही. आणि त्याच्याऐवजी दुसरं काहीही बोलले असते तर ते खोटं झालं असतं.

बाकीचे मात्र भरभरून बोलले. लढाऊ बाई, वाघीण, काय काय झालीस तू. एकाने तर तुला "आपल्या सायलीची सुपरहिरो" म्हटलं. तू तिथे असतीस तर मध्येच हात वर करून त्याला थांबवलं असतंस. तुझ्या कॉमिक्समधल्या निनादच्या जगात हिरो हा शब्दच नाही, त्याला नादधर म्हणतात, आणि नादधर एकटा कधीच नसतो. हे तू मला किती वेळा सांगायला सुरुवात केलीस आणि मी किती वेळा तुझं वाक्य तोडलं, याचा हिशेब मला लावता येत नाही.

तू पहिल्यांदा आमच्या टोकरखाड्याच्या क्वार्टरमध्ये आलीस तो दिवस मला नीट आठवतो. मी नुकतीच कॉलेज संपवून घरी बसले होते. बाबा सरकारी शाळेत मास्तर, कोकणातून इथे आलेले, आणि त्यांच्या पेटीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त. संपाची, सभांची, पाण्याच्या मागणीची, पिवळी पडलेली पत्रकं. दुसऱ्यांच्या मुली बाराखडी पाटीवर शिकल्या, मी त्या पत्रकांच्या मथळ्यांवर शिकले. मागच्या खोलीत आमचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं, त्यामुळे अर्ज, तक्रारी, निवेदनं लिहून घ्यायला माणसं यायची. तूही तशीच आलीस. दारात चपला काढल्यास आणि पिशवीतून दोन कॉमिक्स काढून बाबांच्या टेबलावर ठेवलीस.

"मास्तरनी पोर तूच ना वं? माले एक तक्रार लिहून पाहिजे."

"कुणाविरुद्ध?"

"संपादकाविरुद्ध."

मला वाटलं, कुठल्या वर्तमानपत्राने कामगारांबद्दल काही छापलंय. मी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. तू कॉमिक्सचं पान उघडून बोट ठेवलंस. एक काळा, बिनतोंडाचा राक्षस जमिनीवरून उठत होता. अघोष त्याचं नाव. तू मला समजावून सांगितलंस की अघोष पडला तरी लगेच मरत नाही. त्याचा शेषप्राण अकरा आकड्यांचा असतो. पडल्यावर अकरा मोजायचे, तोवर त्याच्या जवळ जायचं नाही. हे आधीच्या पंधरा-वीस अंकांत पक्कं ठरलेलं आहे. आणि या नव्या अंकात निनाद नवव्या आकड्याला त्याच्या छातीवर पाय ठेवतो आणि त्याला काही होत नाही.

"चूक शे की नाही?" तू म्हणालीस. रागाने तुझं नाक लाल झालं होतं.

मी हसले. "ताई, हे सगळं खोटंच आहे. खोट्यात कसली चूक?"

"तुझ्या पत्रकात सभेची तारीख चुकली तर चालेल का?"

"ती खरी सभा असते."

"आणि हाई पोरं वाचतात ती पोरं खोटी शेत का? आज नऊ वाचतील, उद्या नऊच मोजतील."

मी ते पत्र लिहिलं. हिंदीत लिहायचं होतं, माझं हिंदी बेताचं, तू शब्द सुचवत गेलीस. खाली नाव घातलं, आणि पत्त्यात सिल्वासा लिहून पुढे "केंद्रशासित प्रदेश" असं ठळक लिहायला लावलंस, कारण मागे कोड्याच्या विजेत्यांत तुझं नाव छापून आलं तेव्हा त्यांनी तुला गुजरातमध्ये टाकलं होतं. चार महिन्यांनी तू नाचत आलीस. वाचकांच्या पानावर एका ओळीत त्यांनी चूक कबूल केली होती. आकडा अकराच. ते पान तू कापून डब्याच्या पिशवीच्या आतून चिकटवलंस आणि मला दाखवून म्हणालीस, "पाह्य. कार्टूनवाल्यांनी चूक कबूल केली. तुम्ही पत्रकवाले करतात का कधी?"

तेव्हापासून मी तुझ्यासाठी पत्रकवाली झाले.

पुढे आमच्या कामगार-गटाचं काम सायलीत सुरू झालं आणि मी तुझ्या कारखान्याच्या गेटवर दुपारी येऊ लागले. तुमच्याकडे प्लास्टिकचा पातळ कागद बनायचा, मोठाल्या रोलरांतून ओढला जायचा, गुंडाळला जायचा. यंत्रावर तुम्ही बायका, कुणी धुळ्याकडची, कुणी वापीची, कुणी सुरंगीच्या आतल्या पाड्यावरची, कुणी थेट बिहारमधून नवऱ्यामागे आलेली. एकीला एक बोलली तर दुसरीला निम्मंच कळायचं. आणि तरी यंत्रावर तुम्ही सगळ्या एकच भाषा बोलायचात, हे मला समजायला फार दिवस लागले. ती भाषा निनादच्या जगातली होती.

दोन रोलर जिथे एकमेकांना भिडतात, जिथे कागद आत खेचला जातो, त्या जागेला तुम्ही ग्रासद्वार म्हणायचात. निनादच्या जगात ते आकाशातलं भोक आहे, जे ग्रह गिळतं. चकचकीत रोलर इतका वेगात आणि इतका गुळगुळीत फिरतो की तो थांबलाय असंच वाटतं, त्याला मूकलोह. मूकलोहाजवळ निनादला काही ऐकू येत नाही, म्हणून तो आधी पीस टाकून बघतो. तुम्ही दोऱ्याचा तुकडा टाकून बघायचात. प्रत्येकीच्या पदराच्या गाठीत दोरे असायचे. आणि बटण बंद केल्यावरही रोलर काही क्षण फिरतच राहतो, तो शेषप्राण. यंत्र बंद झालं की तुमच्यातली कुणीतरी मोठ्याने मोजायला लागायची. कुणी एक-दोन-तीन, कुणी एक-बे-त्रण. अकरापर्यंत कुणीही हात पुढे करायचं नाही.

नवी बाई आली की पहिल्या दिवशी डब्याच्या सुट्टीत तू तिची परीक्षा घ्यायचीस. मला आठवते एक दुपार. तू पायरीवर मांडी घालून बसली होतीस, मिरचीचा ठेचा मध्ये, आणि एक नवी पोरगी समोर भेदरून उभी.

"निनादचा कोणता कान बहिरा?"

"डावा."

"कधी झाला?"

"तो... पूल पडला तेव्हा."

"अंक कोणता?"

"शोभाबेन, अंक पूछो मत, बिचारी खाना खाएगी," जशुबेन म्हणाली.

"खाईल ना. अकरा मोजून खाईल." सगळ्या हसल्या. मग तू हसणं थांबवलंस. "गुरू शंखधर कितव्या आकड्याला गेला?"

पोरीला उत्तर माहीत नव्हतं. तू तिला कॉमिक दिलंस आणि म्हणालीस, उद्या उत्तर सांग, तोवर यंत्राला हात लावायचा नाही, फक्त पॅकिंग कर. सुपरवायझर तुला कार्टूनबेन म्हणायचा. तू त्याला म्हणायचीस, साहेब, तुमचीही परीक्षा घेईन, नापास व्हाल.

मी टपरीजवळ उभी राहून हे बघायचे आणि मला राग यायचा. खरं सांगते. मला वाटायचं, या बायकांना आठ तास उभं करतात, यंत्राला जाळी नाही, ब्रेक नाही, आणि ही बाई त्यांना राक्षसांच्या गोष्टी सांगते. आकाशातून कुणीतरी येऊन वाचवेल, या आशेवर जगायची सवयच तर आपल्याला मोडायची आहे. एकदा मी तुला तसं तोंडावर म्हटलं.

"ताई, वाचवायला कुणी येत नसतं."

"मी कधी म्हटलं कोणी येतं म्हणून? तू वाचलंस का एक तरी?"

"मला वाचायची गरज नाही."

"मग बोलायची तरी कसाले गरज?"

त्या दिवशी आपण चहा न पिताच उठलो.

आणि मग ते पत्रक. यावर मला आता थांबून लिहिलं पाहिजे.

यंत्रांच्या धोक्याबद्दल पत्रक काढायचं ठरलं. तू मनापासून तयार झालीस. रविवारी आलीस, मागच्या खोलीत जमिनीवर बसलीस आणि सांगत गेलीस, मी स्टेन्सिलवर लिहीत गेले. वरती मागणी: रोलरला जाळी, आणि हात लागताच थांबेल असा ब्रेक. त्याखाली तुझ्या ओळी. ग्रासद्वारात हात नको. मूकलोहावर आधी दोरा टाक. बटण बंद, मग शेषप्राण अकरा, मोठ्याने मोज.

तू गेल्यावर मी ते स्टेन्सिल पुन्हा वाचलं आणि मला लाज वाटली. हे कागद कारखाना तपासायला येणाऱ्या साहेबांकडे जाणार. तिथे ग्रासद्वार लिहून पाठवू? ते हसतील. कामगाराला खेळणं नको, खणखणीत शब्द पाहिजे. मी लाल करेक्शनची बाटली उघडली आणि तुझ्या ओळींवरून ब्रश फिरवला. त्याच्यावर लिहिलं: "गतिमान रोलरच्या संपर्कबिंदूस हस्तस्पर्श करू नये. यंत्र पूर्णतः गतिशून्य झाल्याची खात्री झाल्याखेरीज कोणतीही साफसफाई करू नये." बाबांनी वाचून मान डोलावली. भाषा चोख आहे, म्हणाले.

तुला कळलं तेव्हा तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू कागद उजेडात धरलास, त्यातला एकेक शब्द ओठांनी जुळवलास.

"चांगलं लिहिलंस," तू म्हणालीस. "पण अकरा कुठे शे?"

"गतिशून्य म्हटलंय ना. त्यात सगळं आलं. आणि ताई, अकरा मोज म्हणणं म्हणजे जबाबदारी बाईवर टाकणं. मोजायचं कशाला? कंपनीने ब्रेक लावावा."

"ब्रेक येईल तवा येईल. हात तर आजच आहेत ना वं."

"आता कागद निघालाय. आता ती परीक्षा बंद कर. लोक हसतात तुला."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या नजरेत शिकलेल्या माणसाबद्दलचा जो आदर असायचा, तोच होता. मला तेव्हा तो आवडला. "तू शिकेल माणूस," तू म्हणालीस. "तू म्हणतेस तर बंद करते." आणि तू खरोखरच बंद केलीस.

त्यानंतर काही आठवड्यांनी सविता कामाला लागली. सुरंगीची, वारली पोर, चौथीपर्यंत गुजराती शाळेत गेलेली. पहिल्या दिवशी तिला माझं पत्रक मिळालं. तिने ते घडी करून डब्याच्या रुमालात ठेवलं, जपून ठेवायची वस्तू म्हणून. दुपारी रोलरला कागद चिकटला. कुणीतरी बटण बंद केलं. त्या दिवशी मोजायला कुणीच सुरुवात केली नाही, कारण परीक्षेबरोबर मोजणंही आता मागे पडलं होतं. रोलर तिला थांबल्यासारखा दिसला. तिने चिकटलेला कागद काढायला हात घातला.

दोन बोटं गेली, ताई. मधलं आणि त्याच्या बाजूचं.

चौकशी झाली तेव्हा मी गेटबाहेर घोषणा देत होते. आत काय झालं ते मला नंतर जशुबेनकडून कळलं. मॅनेजरने टेबलाच्या खणातून माझं पत्रक काढलं आणि साहेबांपुढे सरकवलं. बघा, म्हणाला, यांच्याच लोकांनी छापून वाटलंय, बाईकडे त्याची प्रत सापडली आहे, लेखी सूचना होती. मागणीचा वरचा भाग त्याने अंगठ्याने झाकून धरला होता म्हणे. साहेबांनी खालच्या ओळी वाचल्या. चोख भाषा. त्यांना सगळं समजलं.

त्या संध्याकाळी तू आमच्या दारात आलीस. चपला काढल्या नाहीस. घडी घातलेला तो कागद, एका कोपऱ्याला डाग पडलेला, तू टेबलावर ठेवलास.

"हाई वाच."

मी वाचलं.

"आता सविताला समजेल असं सांग."

मी तोंड उघडलं. मला आलं नाही. तुझेच शब्द माझ्या जिभेवर होते आणि तुझ्यासमोर ते म्हणायची लाज वाटत होती. तू वळलीस. बाबा म्हणाले, शोभाबाई, बसा. तू म्हणालीस, "नको मास्तर. दवाखान्यात पोर एकटी आहे."

त्यानंतर पाच महिने आपण बोललो नाही. मी जाळी आणि ब्रेकसाठी आणखी तीन पत्रकं काढली. ती काढताना मला वाटायचं, मी बरोबर आहे, दोष कंपनीचा आहे, ब्रेक असता तर हे घडलंच नसतं. हे आजही खरं आहे, ताई. एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण त्या खऱ्याच्या आड मी किती दिवस लपून बसले, हेही खरं आहे. दोष त्यांचा होता म्हणून माझी चूक चूक राहत नव्हती असं मी धरून चालले होते. रस्त्यात तू दिसलीस की मी दुसऱ्या बाजूला जायचे. एकदा बाजारात तू भाजी निवडताना मान वर केलीस, आपली नजर भेटली, आणि मी मेथीची जुडी खाली ठेवून निघून आले. तू हाक मारायला तोंड उघडलं होतंस का? मला नक्की माहीत नाही. मी थांबले नाही, त्यामुळे आता कधीच कळणार नाही.

तुझ्या काविळीचं जशुबेनकडून कळलं. मी दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेले. तिसऱ्यांदा आत आले. भाऊजी बाहेर औषधं आणायला गेले होते. तू खाटेवर इतकी लहान झाली होतीस की मी आधी तुला ओलांडून पुढच्या खाटेपर्यंत गेले. डोळे पिवळेधमक. तू मला ओळखलंस. मी बोलायला लागले, काहीतरी ब्रेकच्या मागणीबद्दल, साहेब पुन्हा येणार आहेत त्याबद्दल. माफीचं वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं, ते तेवढं राहिलं. तू बोट हलवून मला थांबवलंस.

"गुरू शंखधर," तू म्हणालीस. श्वास घेतलास. "कितव्या आकड्याला गेला?"

मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला. "ताई, बोलू नकोस. आराम कर."

तू माझ्याकडे बघितलंस. मग हळूच भिंतीकडे तोंड केलंस. मी तुझी चादर नीट केली आणि निघाले. दारातून मागे वळून बघितलं तर तुझी पाठ होती.

दोन दिवसांनी तू गेलीस.

ताई, तू माझी परीक्षा घेत होतीस. हे मला तुझी तिरडी उचलली जात असताना कळलं. जशुबेनने अचानक मोजायला सुरुवात केली, एक, बे, त्रण, आणि तुझ्या खात्यातल्या सगळ्या बायका तिच्या मागे मोजू लागल्या. खांदेकरी थांबले. भटजींना काही कळेना. अकरा झाल्यावरच त्यांनी तुला पुढे जाऊ दिलं. माझ्या तोंडून तेव्हाही आकडे आले नाहीत. मी नुसती ओठ हलवत राहिले. मनात एकच गोष्ट घोळत होती. परीक्षा तू नव्या बाईची घ्यायचीस, जिला तुला आपल्यात घ्यायचं असेल तिची. आणि मी तुला आराम कर म्हटलं.

चौथ्या दिवशी मी भाऊजींकडे तुझी कॉमिक्स मागायला गेले. त्यांनी अख्खं पोतं उचलून दिलं. घरी येऊन मी पहिल्यापासून वाचायला बसले. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं होतं तसलं त्यात काहीच नव्हतं. निनादकडे स्वतःची शक्तीच नाही, ताई. त्याचा नाद दुसऱ्या कुणीतरी सूर धरल्याशिवाय उमटतच नाही. एकटा असला की तो साधा, एका कानाने बहिरा माणूस. पूल पडतो त्या अंकात तो पुलाखाली दोन अख्खी पानं ओरडत राहतो आणि काही होत नाही. मग वरून एक धोबीण त्याच्या सुरात सूर मिळवते. हेच तू मला सांगायला निघायचीस आणि मी म्हणायचे, वाचवायला कुणी येत नसतं.

निनादचा गुरू शंखधर अकरा पुरे व्हायच्या आत पडलेल्या अघोषजवळ जातो आणि मरतो, तो अंक पोत्याच्या तळाशी होता. फाटलेला, पुन्हा पुन्हा शिवलेला. मी तो दोनदा वाचला. मग पोत्यातच सापडलेल्या तुझ्या डब्याच्या पिशवीतली ती चिकटवलेली ओळ वाचली. चूक कबूल.

काल रविवार होता. मी सुरंगीला गेले. सविता अंगणात सूप घेऊन बसली होती, डाव्या हाताने पाखडत. मला बघून उठली नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. तुझ्या ओळी आधी काय होत्या, त्यांच्यावर लाल रंग कुणी फिरवला, परीक्षा कुणी बंद करायला लावली. शोकसभेत जे बोलता आलं नाही ते सगळं. ती ऐकत होती, सूप हलवत होती.

"माला ठाव हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"शोभाबेननं. दवाखान्यात." तिने खडा वेचून टाकला. "ती रोज येयाची. येऊन परीक्षा घ्यायची. मी बोलले, बोटां गेली, आता परीक्षा कशाला घेतं? तर बोलली, तुझ्यासाठी नाय. तू दुसरीची घेशील त्यासाठी."

मीही सुपातला एक खडा वेचला.

"तुझ्यावर लय रागावलेली ती," सविता म्हणाली. "पण बोलायची, त्या पोरीला कुणीतरी वाचायला लावा. तिला मोठमोठ्यानं बोलता येतं. आपल्याला तसला माणूस लागंल."

मी डोळे पुसले. सविताने पाण्याचा तांब्या पुढे केला, उजव्या हाताने, तीन बोटांत धरून. तिने तो हात माझ्यापासून झाकला नाही.

मी नवं स्टेन्सिल सोबत नेलं होतं. तिला वाचून दाखवलं. सगळ्यात वर तुझ्या ओळी, जशा तू सांगितल्या होत्यास तशा. त्यांना हात लावलेला नाही. शेवटी चूक-दुरुस्ती: आधीच्या पत्रकातल्या ओळी चुकीच्या होत्या, त्या लिहिणारीने चूक कबूल केली आहे, आणि खाली माझं नाव. मी पहिल्यांदाच पत्रकाखाली स्वतःचं नाव घातलं. ब्रेकची मागणी मी काढून टाकली होती. माझ्या मागण्यांनी आधीच बरंच झालं, असं वाटलं होतं.

सविताने हात वर केला. "ब्रेकचा कुठं हाय?"

"काढला."

"का? तो पण लिही. तो तर लागंलच."

म्हणून तो आता मध्ये आहे, तुझ्या आणि माझ्या ओळींच्या मधोमध, आणि जाड अक्षरात आहे, अंगठ्याने झाकता येणार नाही इतक्या. ताई, आपलं भांडण मिटलं असं मी म्हणत नाही. ब्रेक आला पाहिजे आणि तो येईपर्यंत मोजलं पाहिजे, यातलं आधी काय, यावर तू आणि मी अजून पाच वर्षं भांडलो असतो. मला ती पाच वर्षं हवी होती. मला तुझ्याशी तावातावाने भांडायचं होतं, एकाच ताटातला ठेचा खात, तू मला कार्टूनमधलं काहीतरी ऐकवून गप्प करत. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलत राहते, आणि तुझी बाजू मला तुझ्याइतकी चांगली मांडता येत नाही.

निघताना मी सविताला म्हटलं, "माझी परीक्षा घेशील?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी थट्टा करतेय की काय ते बघायला. मग सूप बाजूला ठेवलं. निनादचा कोणता कान बहिरा, पूल कोणत्या अंकात पडला, मूकलोह कसं ओळखायचं, सगळं विचारलं. मी अडखळले, एका ठिकाणी चुकले, तिने दुरुस्त केलं. तिने तुझ्यासारखंच हसणं थांबवलं आणि शेवटचा प्रश्न विचारला.

मी तिला उत्तर दिलं. पण ते उत्तर तिचं नव्हतं. ते तुझं होतं, तुझ्या खाटेपाशी द्यायचं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

दहाव्या आकड्याला, ताई. शंखधर दहाव्या आकड्याला गेला. त्याला वाटलं, झालं.